नोटिशीला उत्तर लिहायची जागा

मे सरत आला की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगराखालच्या घरांना तहसील कार्यालयाच्या नोटिसा येतात. तलाठी किंवा कोतवाल वाडीवर येतो, कागद देतो, पोच म्हणून सही नाहीतर अंगठा घेतो. मजकूर ठरलेला असतो. तुमचे घर दरडीच्या धोक्यात आहे, पावसाळ्यात सुरक्षित ठिकाणी राहायला जावे, न गेल्यास होणाऱ्या हानीला तुम्ही स्वतः जबाबदार. सुरक्षित ठिकाण कोणते, तिथे गुरे बांधायची सोय आहे का, लावणीच्या दिवसांत तिथून शेतावर कसे यायचे, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. ज्याला ती मिळाली त्याला काही सांगायचे असेल, तर ते लिहायला जागाही नसते.

शाश्वत विकासाच्या कामात लोक आणि शासन यांच्यातल्या संवादाचे स्थान काय, या प्रश्नावर आपल्याकडे एक मत इतके रुजले आहे की त्याला कोणी मत म्हणतही नाही. ही नोटीस त्या मताचा शुद्ध नमुना आहे. ते मत असे: माहिती तज्ज्ञांकडे आणि शासनाकडे असते. लोकांकडे ती नसते, किंवा असली तरी तिचे गांभीर्य त्यांना कळत नाही. म्हणून जंगल तुटते, नदी गाळाने भरते, माणसे दरडीखाली जातात. तेव्हा माहिती वरून खाली नीट पोहोचवली, म्हणजेच पुरेशी जनजागृती केली, की सहकार्य आपोआप उभे राहील. मग पथनाट्ये होतात, फलक लागतात, शाळेत प्रतिज्ञा घेतली जाते, मोबाइलवर इशारे येतात, गावात भोंगा बसतो. या समजुतीवर काम करणाऱ्यांत तळमळीचे अधिकारी आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, पत्रकार आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण या दोन तालुक्यांचा गेल्या वीस वर्षांचा अनुभव समोर ठेवला, तर हे निदानच चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे. इथे खाली येणारा संदेश क्वचितच कमी पडला. कमी पडली ती खालून वर जाणारी वाट, आणि त्या वाटेने आलेल्या म्हणण्याला उत्तर देण्याचे कुणावर तरी असलेले बंधन.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम दाखला ओडिशाचा आहे. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २९ ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ला फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. वरून वेळेवर इशारा आला, लोकांनी तो ऐकला, माणसे वाचली. मग कोकणात हे का होऊ नये?

कारण चक्रीवादळ समुद्रावर असतानाच उपग्रहाला दिसते, त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो आणि किनारा गाठायला ते दोन-चार दिवस घेते. दरड एका उताराच्या, एका ओढ्याच्या हद्दीत घडते आणि शेजारच्या वाडीला तिचा पत्ताही नसतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागाचे जे देशव्यापी नकाशे केले ते १:५०,००० या प्रमाणावर आहेत. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा पन्नास मीटर. तीस-पस्तीस घरांची वाडी त्यावर तीन-चार मिलिमीटरची होते. नकाशा खोटा नाही. तालुक्याचे नियोजन करायला तो हवाच. पण घरामागच्या वरकस जमिनीला पडलेली चार बोटे रुंदीची भेग त्यात कधीही दिसणार नाही. ती गुरे घेऊन वर गेलेल्या माणसाला दिसते. शिवाय ओडिशाचा दाखला देणारे त्यातला निम्मा भाग सोडून देतात. त्या चौदा वर्षांत किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगाव समित्या उभ्या राहिल्या, निवाऱ्यात गेल्यावर जेवण मिळते हे लोकांनी अनुभवले. लोक हलले, कारण जायला जागा होती आणि सांगणाऱ्याचा शब्द आधी खरा ठरला होता.

सह्याद्रीचा उतार कसा सुटतो हेही इथे सांगायला हवे. खाली काळा कठीण बेसाल्ट, वर त्याच खडकाची शतकानुशतके झिजून झालेली माती आणि सुटे दगड. सलग काही दिवस मुसळधार पाऊस झाला की हा वरचा थर पाण्याने तुडुंब भरतो, कणांच्या मधल्या पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते आणि सगळा थर खडकावरून घसरतो. पण बहुतेक वेळा त्याआधी तो काही सांगतो. जमिनीला अर्धवर्तुळाकार भेगा पडतात. झाडे, विजेचे खांब कलतात. स्वच्छ झरा गढूळ होतो, कधी नव्हता तिथे नवा झरा फुटतो, भर पावसात वाहता ओढा अचानक रोडावतो. घराचे दार चौकटीत अडकू लागते. यातली प्रत्येक खूण भूशास्त्राच्या पुस्तकात आहे आणि यातली प्रत्येक खूण फक्त तिथे राहणाऱ्यालाच वेळेवर दिसू शकते. दरडीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची माहिती मुळातच खाली जन्माला येते. ती वर कशी जाईल, हा खरा प्रश्न आहे.

२५ आणि २६ जुलै २००५ला महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी आल्या. जवळपास दोनशे माणसे गेली. देशाच्या स्मरणात मात्र तो दिवस सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटर पावसाचा आणि मुंबईच्या पुराचा म्हणून राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हा प्राधिकरणे आली, नियंत्रण कक्ष आले, आराखडे आले, पुढे मोबाइल इशारे आले. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ला, त्याच महाड तालुक्यात तळीये गावची कोंडाळकरवाडी डोंगराने गिळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथे ११ जण दगावले. वर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि खाली महाड शहर सावित्रीच्या पाण्यात होते.

त्या दिवसांत इशारे नव्हते असे नाही. हवामान खात्याने कोकणासाठी अतिवृष्टीचे इशारे दिलेच होते. पण सात हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या रायगड जिल्ह्याला लाल इशारा आहे, ही माहिती घेऊन कोंडाळकरवाडीतल्या माणसाने नेमके काय करायचे होते? पाऊस त्याच्या डोक्यावरच पडत होता. त्याला हवे होते ते वेगळे. आपल्या मागचा हाच उतार आज रात्री धरेल की नाही, हे विचारता येईल असा माणूस. आणि नाही असे उत्तर आले, तर न्यायला गाडी. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, घाटरस्ता बंद. बचावपथके पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

खालून वर बातमी कशी जाते, याचे उदाहरण शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले. ते जगाला प्रथम कळले एका एसटीचालकामुळे. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला आणि गाव होते तिथे गाव दिसेना. दीडशेवर माणसे चिखलाखाली असताना प्रशासनाला खबर मिळाली ती नियमाने ठेवलेल्या कोणत्याही वाटेने नव्हे, एका नोकरदार माणसाच्या फेरीमुळे. १९ जुलै २०२३ला खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा, ही वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती असे सरकारनेच सांगितले. यादीत नाव नसणे ही चूक यादीची आहे. पण ती दुरुस्त करण्याचा अर्ज वाडीने कुणाकडे आणि कोणत्या नमुन्यात करायचा, हे ठरलेलेच नव्हते. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. त्याआधी काही महिने झालेल्या पाहणीत पुलाला धोका दिसला नव्हता, असेच तेव्हा सांगण्यात आले. पाहणी झाली, नोंद झाली, कागद वर गेला. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांना काय दिसत होते, ते विचारण्याचा रकाना त्या कागदात होता का?

आता दुसरा आक्षेप. लोकांना कळते, पण ते हलत नाहीत. घराची, देवाची, जमिनीची ओढ त्यांना सोडवत नाही. हा आक्षेप सहानुभूतीच्या सुरात मांडला जातो म्हणून तो अधिक घातक आहे. त्यात डोंगरातला माणूस भावनेने चालणारा ठरतो आणि हिशेब करणारे आपण. पण हिशेब तोही करतो. २००५च्या दरडीतून वाचलेली दासगावची कुटुंबे वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, हे दोन्ही तालुक्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तळीयेच्या नव्या वसाहतीची घोषणा दरडीनंतर दोनच दिवसांत झाली, काम म्हाडाकडे गेले आणि मग लोक वाट पाहत बसले. जो शेतकरी नोटीस हातात घेतो तो तिच्याबरोबर हा सगळा इतिहासही वाचतो. घर सोडले तर परत केव्हा मिळेल, नव्या जागेच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचे लागेल, गोठ्याला जागा असेल का, याची उत्तरे त्याला नोटिशीतून मिळत नाहीत. ती आधीच्या दरडग्रस्तांच्या शेडकडे पाहून मिळतात. तो शासनाचे ऐकतो. फक्त तो शासनाच्या कागदापेक्षा शासनाच्या वागण्याकडे जास्त लक्ष देतो आणि यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

डोंगरातल्या शेतकऱ्याला अडाणी समजून तज्ज्ञ स्वतः कसे फसतात, याचा एक गाजलेला अभ्यास इंग्लंडमधला आहे. १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर कंब्रिया भागातल्या डोंगरांवर पडले आणि तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर सरकारने बंदी घातली. तीन आठवड्यांत सगळे ठीक होईल, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. त्यांचे गणित मैदानी चिकणमातीचे होते. डोंगरावरच्या आम्ल, कुजक्या गवताच्या मातीत सीझियम अडकून न पडता पुन्हापुन्हा गवतात येत राहिले. मेंढपाळांना आपली माती, आपला चारा, कळपाचे वर-खाली जाणे ठाऊक होते, पण त्यांना कुणी विचारले नाही. काही ठिकाणचे निर्बंध २०१२पर्यंत राहिले. ब्रायन विन या अभ्यासकाने पुढे दाखवून दिले की मेंढपाळांचा अविश्वास अज्ञानातून आला नव्हता. आपल्याकडचे ज्ञान जमेत न धरणाऱ्या संस्थेबद्दलचा तो पारखून काढलेला निष्कर्ष होता. महाडच्या डोंगरात नोटीस घेणारा माणूस हा निष्कर्ष कुणाच्या पुस्तकातून शिकलेला नाही.

पण मला जास्त वेळ थांबायचे आहे ते पश्चिम घाटाच्या अहवालापाशी. जनजागृतीच्या सिद्धांताची खरी परीक्षा तिथे झाली आणि तो नापास झाला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११मध्ये केंद्राला अहवाल दिला. त्यातली सर्वांत मूलगामी शिफारस कोणत्या खाणीला बंदी आणि कोणत्या धरणाला नाही, ही नव्हती. संवेदनशील क्षेत्रांच्या सीमा आणि तिथले नियम तळातून, ग्रामसभांशी चर्चा करून ठरवावेत, आणि त्यासाठी अहवाल स्थानिक भाषांत लोकांसमोर जावा, ही ती शिफारस. प्रत्यक्षात काय झाले? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अहवाल दडवून ठेवला. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने तो उघड करायला सांगितले, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे त्याची बाजू टिकली नाही आणि मे २०१२मध्ये अहवाल बाहेर आला. तो इंग्रजीत होता. दरम्यानच्या काळात घाटातल्या गावांत अहवालाचे नाव पोहोचले ते अफवांच्या रूपात: घराला कौले घालता येणार नाहीत, गुरे चारता येणार नाहीत, शेत वन खात्याकडे जाणार. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. मग दिल्लीत आणि मुंबईत म्हणू लागले की पाहा, लोकांनाच पर्यावरण नको आहे, जनजागृती कमी पडली.

त्यानंतर या अहवालाचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन गट आला, एप्रिल २०१३मध्ये त्याचा अहवाल आला आणि ग्रामसभेने ठरवायची गोष्ट उपग्रहाच्या चित्रावरून ठरू लागली. गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना लिहिलेल्या जाहीर पत्रात नेमका हाच आक्षेप घेतला होता. पुढे संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा-अधिसूचनांची मालिका सुरू झाली. पहिली मार्च २०१४मध्ये, सहावी ३१ जुलै २०२४ला, म्हणजे वायनाडमधल्या मुंडक्कै-चूरलमळा इथल्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. दर वेळी हरकती मागवल्या, साठ दिवसांची मुदत दिली, आणि पहिले पाचही मसुदे अंतिम न होताच संपले. महाराष्ट्रातली सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन त्या मसुद्यांत आहे. एखाद्या वाडीने खरोखरच कष्ट घेऊन लिहिले असेल की आमच्या अमुक उतारावर खोदकाम होऊ देऊ नका आणि तमुक ठिकाणची दगडखाण बंद करा, तर तिला काय उत्तर मिळाले? हरकत मागवणे म्हणजे संवाद नव्हे. हरकतीला कारणांसह उत्तर देणे आणि त्या उत्तराने निर्णय बदलू शकणे, हे घडेपर्यंत त्याला लोकसहभाग म्हणू नये.

इथे उलट बाजूचीही एक भाबडी समजूत दूर करायला हवी, नाहीतर माझे म्हणणे स्वस्त होईल. गावाला सगळे कळते, गावावर सोपवा, असे मी म्हणत नाही. जो उतार शंभर वर्षांत हलला नाही, त्याबद्दल गावाची स्मृती काहीच सांगत नाही आणि पावसाचे मान बदलत असताना स्मृतीवर विसंबणे धोक्याचे आहे. उताराच्या पोटात पाणी किती साठले आहे, हे यंत्रच सांगेल. आणि गाव म्हणजे एक आवाज नसतो. हे महाडला कुणी समजावून सांगायला नको. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव आठवावा. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा तो ठराव केला आणि महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागद होता, माहिती सर्वांना होती, आणि तीन वर्षे कुणाही अस्पृश्याला त्या तळ्यावर ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि मारहाण झाली. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयाचा शेवटचा निकाल १९३७मध्ये लागला. पाण्यावर बोलण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न या गावाने जगापुढे मांडलेला आहे. आजही ग्रामसभेत गावठाणातला माणूस बोलतो तेव्हा कातकरी वाडी, बौद्धवाडी, धनगरवाडा कोपऱ्यात उभा असतो. आणि सर्वांत वाईट उतारावर, सर्वांत उंच, रस्त्यापासून सर्वांत दूर कुणाची घरे आहेत, हे डोंगरात फिरलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून गावाला विचारले म्हणजे झाले, असे नाही. वाडीवार विचारावे लागेल आणि वाडीवार नोंदवावे लागेल.

विचारण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न महाडच्या औद्योगिक वसाहतीतही येतो. ३ नोव्हेंबर २०२३ला तिथल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात आग लागून ११ कामगार गेले. भोवतालच्या गावांनी कारखान्यात कोणती रसायने साठवली आहेत हे विचारले, की तांत्रिक बाब आहे, लोक उगाच घाबरतील असे उत्तर देण्याची आपल्या व्यवस्थेला सवय आहे. पण भोपाळनंतर, १९८७मध्ये, कारखाने कायद्यात घातलेले ४१ ख हे कलम धोक्याची आणि बचावाच्या उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक स्वराज्य संस्थेला आणि परिसरातल्या लोकांना देणे कारखानदारावर बंधनकारक करते. म्हणजे कायद्याने प्रश्न विचारण्याचा हक्क गावाला देऊन चाळीस वर्षे होत आली.

मग मांडायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे पाऊस वाडीवर मोजायचा. आज राज्याचा पाऊस महसूल मंडळागणिक मोजला जातो. एका मंडळात कित्येक गावे आणि पोलादपूरसारख्या तालुक्यात त्यातली काही नदीकाठी तर काही हजार-बाराशे फूट वर. वायनाडमध्ये कल्पेट्टा इथल्या ह्यूम सेंटर या संस्थेने शेतकऱ्यांच्या, शाळांच्या अंगणात दोनशेच्या आसपास पर्जन्यमापक उभे केले. ३० जुलै २०२४च्या पहाटे मुंडक्कैवर दरड आली. आदल्या दिवशी सकाळीच या संस्थेने आकडे पाहून जिल्हा प्रशासनाला धोका कळवला होता. एवढी नेमकी माहिती खालून वर गेली, तरी पूर्ण गाव हलले नाही आणि शेकडो माणसे गेली. जनजागृतीवाल्यांनी या उदाहरणावर विचार करावा. लोक जागे होते, मोजत होते, कळवत होते. कळवल्यावर काय करायचे, हे बंधन कुणावरच नव्हते.

म्हणून पर्जन्यमापकापाठोपाठ हवी नोंदवही आणि मुदत. वाडीतल्या कुणीही भेग, कललेले झाड, गढूळ झरा कळवला, की पोलीस पाटलाने ते वहीत लिहावे. पावसाळ्यात चोवीस तासांत आणि एरवी पंधरा दिवसांत तहसीलदाराने लेखी उत्तर द्यावे. धोका नाही असे म्हणायचे असेल तर तसे सहीनिशी लिहावे. ही सही महत्त्वाची आहे. नोटिशीवर वाडीतल्या माणसाची सही घेताना जबाबदारी त्याच्यावर जाते, तशी ती या कागदाने दुसऱ्या बाजूलाही जावी.

वेळेचाही विचार व्हावा. कायद्याने ठरलेल्या ग्रामसभांपैकी १ मेची सभा या डोंगराला सर्वांत जवळची आहे. चाकरमानी मे महिन्यात गावी असतात आणि पोलादपूर-महाडच्या बहुतेक गावांचे निर्णय गावाइतकेच मुंबईच्या मंडळात होतात. घर दुरुस्त करायचे की नवे बांधायचे, देवळाला वर्गणी किती, रस्त्यासाठी जमीन द्यायची का, हे परळ-भांडुपच्या खोल्यांत ठरते, कारण पैसा तिथून येतो. आपल्या शासकीय आराखड्यांत या मंडळांना नावालाही जागा नाही. त्यांना वगळून पुनर्वसनाची चर्चा करणे म्हणजे निम्म्या गावाशीच बोलणे होय. १ मेच्या सभेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामस्थ, मुंबईकर मंडळाचे लोक, तलाठी आणि शक्य तिथे भूशास्त्राचा एक माणूस यांनी वाडीमागचा उतार चालून पाहावा. पावसाळ्यात जायचे ठिकाण तेव्हाच ठरवावे, गुरांसह. बहुतेक वेळा हे ठिकाण म्हणून जिल्हा परिषदेची शाळा दाखवली जाते. ती शाळा स्वतः कुठे उभी आहे, तेही त्या दिवशी पाहून घ्यावे.

असा व्यवहार इथे अशक्य नाही. शेजारच्या चिपळूणमध्ये २०२१च्या पुरानंतर नागरिकांनी साखळी उपोषण केले आणि वाशिष्ठीतला गाळ निघायला लागला. महाडच्या लोकांनीही सावित्रीतला गाळ, त्यातली बेटे आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला आणि २०२१नंतर गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. महाबळेश्वरचा पाऊस आणि बाणकोटच्या खाडीची भरती एकाच वेळी आली की बाजारपेठेत पाणी किती वाजता शिरते, हे इथला दुकानदार ओटीवरच्या जुन्या खुणांवरून सांगतो. हे ज्ञान अभियंत्याच्या गणिताला पूरक आहे. महाडच्या सिस्केप या संस्थेने म्हसळ्यातल्या चिरगावात आणि महाडच्या नाणेमाचीकडे गिधाडांसाठी केलेले काम तर गावकऱ्यांनी मेलेल्या जनावराची खबर वेळेवर देण्यावरच उभे आहे. तिथे गावाची खबर आली की माणूस निघतो. खबर देणाऱ्याला आपले सांगणे वाया गेले असे वाटत नाही, म्हणून तो पुढच्या वेळीही सांगतो.

शेवटचा आक्षेप प्रशासनातले जाणते लोक घेतात आणि तो खरोखर कठीण आहे. प्रत्येक भेगेच्या तक्रारीवर वाडी हलवली, तर दहापैकी नऊ वेळा दरड येणार नाही. लोक कंटाळतील आणि दहाव्या वेळी हलणार नाहीत. मला वाटते, लोक कंटाळतात ते व्यर्थ गेलेल्या रात्रीला नाही. त्या रात्रीचा खर्च एकट्याने सोसावा लागला म्हणून कंटाळतात. लावणीच्या दिवसांत दोन दिवस घर सोडले तर मजुरी बुडते, दूध घालायचे राहते, कोंबड्या मुंगसाच्या तोंडी जातात. दरड पडल्यावर मृतांच्या वारसांना लाखांत मदत देणाऱ्या शासनाने, इशाऱ्यावर हललेल्या कुटुंबाला त्या दिवसांची मजुरी आणि गुरांच्या वैरणीचा खर्च द्यावा, दरड येवो अथवा न येवो. तीस घरांच्या वाडीला दोन दिवसांचे हे पैसे किती होतात, याचा हिशेब कोणताही तलाठी पाच मिनिटांत करून देईल. जिल्हा नियोजन समितीने महाड आणि पोलादपूरसाठी हे एक वेगळे लेखाशीर्ष येत्या पावसाळ्याआधी उघडावा आणि नोटिशीच्या कागदावर, सहीच्या वर, तो आकडा छापावा. त्याखाली, उत्तरासाठी, पाच ओळी कोऱ्या सोडाव्यात.